घरच्या पैशातून उभा केलेला धर्मादाय न्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-साताऱ्याकडं वडिलांच्या वर्षश्राद्धाला शाळेत वह्या वाटणारं घर चार-पाच वर्षांनी म्हणतं, "आता नीट ट्रस्टच काढूया." त्यात हळदीचे व्यापारी असतात, तासगावचे द्राक्षबागायतदार असतात, मिरजेचे डॉक्टर असतात, विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे, असतात. मनात खोट कुणाच्याच नसते. नोटिसा मात्र येतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: ट्रस्टची तिजोरी आणि घरचं कपाट यांत फरक ठेवलेला नसतो. न्यासांची वह्या-पुस्तकं सांभाळताना आम्हाला पुन्हा पुन्हा जे विचारलं जातं, ते इथं मांडलं आहे.

एक खुलासा आधीच. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. खाली आम्ही १९६१ च्या कायद्यातले जुने क्रमांकच दिले आहेत, कारण सीएपासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडात अजून "एटी जी" आणि "ट्वेल्व्ह ए"च आहे. अर्ज भरताना नवा क्रमांक पाहून घ्या.

पैसा आमचा, विश्वस्त आमच्या घरातले. मग हा खाजगी ट्रस्टच ना?

नाही. पैसा कुणी दिला याला कायदा महत्त्व देत नाही, लाभ कुणाला मिळतो ते पाहतो. नातवंडांच्या शिक्षणासाठी आजोबांनी ठेवलेली रक्कम हा खाजगी न्यास. त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागतो आणि त्याला धर्मादाय म्हणून करसवलत नाही. तालुक्यातल्या गरजू मुलांसाठी काढलेला न्यास हा सार्वजनिक, मग त्यात एक रुपयाही बाहेरचा नसो. त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागतो. अमेरिकेत "प्रायव्हेट फाउंडेशन" असा कराच्या कायद्यातला वेगळा वर्ग आहे, आपल्याकडं तसा नाही. तुमच्या नावात "फॅमिली फाउंडेशन" असलं तरी धर्मादाय आयुक्तांच्या दृष्टीनं तुम्ही गावच्या वाचनालयाच्याच रांगेत आहात.

ट्रस्ट काढावा, सोसायटी की कलम ८ ची कंपनी?

घरातल्या तीन-चार माणसांना मिळून काम करायचं असेल तर ट्रस्ट. सोसायटीला किमान सात सभासद लागतात. शिवाय निवडणूक, सर्वसाधारण सभा आणि त्यातून येणारं राजकारणही येतं. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली सोसायटी सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते, म्हणजे दोन प्रमाणपत्रं आणि दोन्हीकडची कटकट. कलम ८ ची, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी, मोठ्या पसाऱ्याला आणि कंपन्यांच्या सीएसआरवर (सामाजिक कामासाठीच्या निधीवर) चालणाऱ्या कामाला शोभते. वर्षाला दहा-बारा लाखांच्या शिष्यवृत्त्या वाटायला कंपनी काढणं म्हणजे शेळीसाठी गोठा बांधणं.

नोंदणी कुठं आणि कशी होते?

जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडं. सांगलीचं कार्यालय सांगलीत, साताऱ्याचं साताऱ्यात. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा. सोबत न्यासपत्र, विश्वस्तांची संमतीपत्रं, मालमत्तेची यादी, कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र. चौकशी होऊन आदेश झाला की "ई" अक्षराचा क्रमांक मिळतो. सोसायट्यांना "एफ" मिळतो. मग परिशिष्ट एकचा उतारा काढून ठेवा. तुमच्या न्यासाचा हाच सातबारा. बँक, आयकर, पुढं कधी न्यायालय, सगळीकडं हाच मागतात.

न्यासपत्र मात्र दुसऱ्याचं उतरवून घेऊ नका. आमच्याकडं एक न्यासपत्र आलं होतं. न्यास होता दुष्काळी माण-खटावमध्ये पाणलोटाची कामं करण्यासाठी, आणि उद्दिष्टांच्या सातव्या ओळीत लिहिलेलं होतं, "मच्छिमार बांधवांना जाळी पुरवणे." कोकणातली फाइल कुठून तरी फिरत फिरत आली होती. यात गमतीचा भाग सोडून द्या. उद्दिष्टाबाहेर केलेला खर्च खर्च म्हणून धरला जात नाही, म्हणून ही यादी तुमच्या कामाची हवी.

सगळे विश्वस्त घरातलेच ठेवले तर चालेल का?

बंदी नाही, पण आमचा सल्ला असा की निदान दोन माणसं बाहेरची घ्या. एखादे निवृत्त मुख्याध्यापक, गावातला डॉक्टर. उद्या घरात वाटण्या झाल्या तर दोन भाऊ ट्रस्टच्या चेकवर सही करायलाही एकमेकांसमोर बसत नाहीत. हे आम्ही पाहिलं आहे. "तहहयात विश्वस्त" हे शब्द लिहिण्याआधी वकिलांना विचारा, कारण महाराष्ट्रानं २०२५ मध्ये दुरुस्ती करून आजीव विश्वस्तांवर मर्यादा आणली आहे.

वडील अध्यक्ष होते, ते सहा वर्षांपूर्वी गेले. सह्या आता मी करतो. काही अडचण?

मोठी अडचण. हा आमच्याकडचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि तो नेहमी उशिराच येतो.

विश्वस्त मयत होणं, राजीनामा देणं, नवा नेमणं, कार्यालयाचा पत्ता बदलणं, मालमत्ता वाढणं, या प्रत्येक गोष्टीचा बदल अर्ज, म्हणजे आपण म्हणतो तो चेंज रिपोर्ट, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत द्यायचा असतो. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर नोंद होईपर्यंत सरकारच्या लेखी तुमचे वडीलच अध्यक्ष असतात. बँक केवायसीच्या वेळी अडवते. आयकर पोर्टलवर मुख्य व्यक्ती म्हणून त्यांचाच पॅन राहतो आणि ओटीपी बंद पडलेल्या मोबाईलवर जात राहतो. जमिनीच्या विक्रीची परवानगी मागायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "अर्जदार कोण?"

आता करायचं काय? इतिवृत्ताची वही शोधा. नेमणुकीचा ठराव, त्यावरचे सूचक-अनुमोदक आणि सह्या, सभेची सूचना आणि ती पोचल्याचा पुरावा, मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्तांची संमती हे सगळं गोळा करून विलंब माफीच्या अर्जासह बदल अर्ज दाखल करा. उशिराचं खरं कारण लिहा. "अज्ञानामुळे" एवढा एक शब्द पुरत नाही. आणि कृपा करून मागच्या तारखेचे ठराव आज लिहू नका. सहा वर्षांचे ठराव एकाच शाईत, एकाच हातानं लिहिलेले असले की कार्यालयातल्या कारकुनालाही कळतं. त्याहून वाईट म्हणजे वाद झाल्यावर समोरच्या भावाचा वकील तीच वही न्यायालयात उघडतो.

१२ए आणि ८०जी यांत फरक काय? दोन्ही लागतात का?

१२एबीची (पूर्वीची १२ए) नोंदणी न्यासाच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट देते. ८०जीची मान्यता तुमच्या देणगीदाराला वजावट देते. धर्मादाय आयुक्तांची नोंदणी झाली म्हणजे हे आपोआप मिळालं असं नाही. आयकर पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो.

नव्या न्यासाला फॉर्म १०ए भरून आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झालं की सहा महिन्यांत, किंवा तात्पुरती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा फॉर्म १०एबी. ती नियमित नोंदणी पाच वर्षांची. २०२५ च्या वित्त कायद्यानं छोट्यांना थोडा श्वास दिला: आधीच्या दोन्ही वर्षांत सूट धरण्यापूर्वीचं उत्पन्न ५ कोटींच्या आत असेल, तर १२एबीची मुदत दहा वर्षं. ही सोय १२एबीपुरतीच आहे. ८०जीची तारीख स्वतंत्र लिहून ठेवा.

८०जीचं महत्त्व थोडं उतरलं आहे, हेही खरं. देणगीदार नव्या करप्रणालीत असेल तर त्याला वजावट नाहीच. जुन्या प्रणालीत साधारणपणे देणगीच्या ५० टक्के, तीही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत.

८५ टक्के खर्चाचा नियम नेमका कसा मोजायचा?

एक उदाहरण घेऊ. वर्षभरात ठेवींचं व्याज ७ लाख आणि साध्या देणग्या ५ लाख आल्या. एकूण १२ लाख. त्याचे ८५ टक्के म्हणजे १०,२०,००० रुपये उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत. उरलेले १५ टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात.

आता खर्च पाहा. शिष्यवृत्त्या ४,८०,०००. शाळेला संगणक २,६०,०००. पगार आणि कार्यालय ९०,०००. बेरीज ८,३०,०००. पण संगणकाच्या बिलातले ६०,००० रुपये एप्रिलमध्ये चुकते केले. बिल मार्चचं असलं तरी खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरला जातो. म्हणजे यंदाचा खर्च ७,७०,०००, आणि कमी पडले २,५०,०००.

या अडीच लाखांवर कर भरायचा नसेल तर फॉर्म १० भरून ती रक्कम विशिष्ट कामासाठी पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवता येते. काम नेमकं लिहा: "अमुक गावच्या हायस्कूलला प्रयोगशाळा." "ट्रस्टची उद्दिष्टे पूर्ण करणे" असं लिहिलं की प्रश्न आलाच. उत्पन्न हिशोबात धरलं पण हातातच आलं नाही, अशा वेळी फॉर्म ९ए आहे. दोन्ही विवरणपत्राच्या आधी भरायचे, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायचं नाही. पोर्टल त्याच आठवड्यात बसतं.

मोजताना आणखी काही गोष्टी कापल्या जातात. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर तो खर्च धरत नाहीत. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापायचा होता आणि कापला नाही, तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग जातो. दुसऱ्या न्यासाला देणगी दिली तर तिचे ८५ टक्केच मोजतात, आणि ती कॉर्पस, म्हणजे कायम निधी, म्हणून दिली तर शून्य. संगणकासारखी भांडवली वस्तू एकदा पूर्ण खर्चात धरली की पुन्हा तिच्यावर घसारा मिळत नाही.

कॉर्पस म्हणजे काय? सगळ्याच देणग्या कॉर्पसला टाकल्या तर ८५ टक्क्यांची झंझट मिटेल ना?

टाकणारे तुम्ही नाही, देणगीदार. "ही रक्कम कायम निधीसाठी" असं त्यानं लेखी सांगितलेलं असलं तरच ती कॉर्पस. वर्षअखेरीला हिशोबनीसानं पेन्सिलीनं "कॉर्पस" लिहून चालत नाही. हा निधी कायद्यानं ठरवलेल्या ठिकाणीच वेगळा गुंतवायचा, आणि त्यातून केलेला खर्च ८५ टक्क्यांत धरायचा नाही. पुढं पाच वर्षांत तेवढी रक्कम परत कॉर्पसमध्ये भरली तर त्या वेळी धरता येतो.

आमच्या पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं, चेअरमन घरचेच आहेत. ट्रस्टची ठेव तिथं ठेवली तर?

ठेवू नका. या भागात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि बहुतेकांचा तिथं घरोबा असतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आयकराच्या कलम ११(५) मध्ये पैसे ठेवायच्या जागांची यादी आहे: पोस्ट, सरकारी रोखे, शेड्यूल्ड बँक, आणि बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था, म्हणजे सहकारी बँक. नागरी किंवा ग्रामीण पतसंस्था ही बँक नाही. तिच्याकडं रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षणही नसतं. तिथं ठेव ठेवली की कलम १३(१)(डी) चा भंग होतो. पूर्वी अशा भंगानं सगळ्याच उत्पन्नाची सूट जायची. २०२२ च्या वित्त कायद्यानंतर भंग झालेल्या भागावर ३० टक्के दरानं कर बसतो, त्याला कसलीही वजावट नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ मध्येही गुंतवणुकीवर बंधन आहेच. दीड टक्का जास्त व्याजासाठी ३० टक्के कर, हा हिशोब कुठल्याच पेढीवर बसत नाही. शिवाय संस्था बुडाली तर विश्वस्तांनी निष्काळजीपणा केला म्हणून नुकसानभरपाई त्यांच्याच खिशातून मागितली जाऊ शकते.

चुकून ठेवली गेली असेल तर मुदतीची वाट न पाहता मोडा. मोडल्याचं व्याजाचं नुकसान सोसा.

आईच्या बांगड्या ट्रस्टला द्यायच्या आहेत. आणि आमच्या प्रायव्हेट लिमिटेडचे काही शेअर्सही.

दोन्ही घेता येतात, कायमचे ठेवता येत नाहीत. साताऱ्याच्या मातीत दागिन्यांच्या दानाला वेगळाच मान आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या दागिन्यांचं धान्य झालं होतं, ते कपाटात ठेवले नव्हते. कायदाही तेच मागतो. वर्षात मिळालेली अशी वस्तू पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत विकून पैसा योग्य जागी गुंतवायचा. सराफाकडून वजन आणि मूल्याची लेखी नोंद घ्या, पावतीवर "सोन्याच्या बांगड्या दोन, अमुक ग्रॅम" असं लिहा.

घरच्या कंपनीच्या शेअर्सचं प्रकरण अवघड आहे. ते विकायला बाजार नसतो, घेणारा पुन्हा घरातलाच असतो, आणि मग किंमत बरोबर लावली का हा वाद निघतो. पैसा द्यायचा असेल तर लाभांश घरात घ्या, त्यावर कर भरा आणि चेक द्या.

ट्रस्टच्या खात्यात पैसे नव्हते, म्हणून अध्यक्षांनी हात उसने दिले. यात काय चूक?

भावना चांगली, पण सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ए प्रमाणे न्यासासाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि अध्यक्षांचे बिनव्याजी हात उसनेही कर्जच. ताळेबंदात ती ओळ दिसली की लेखापरीक्षकाला ती अनियमितता म्हणून लिहावी लागते. परत घ्यायचे नसतील तर सरळ देणगी म्हणून द्या. उलट दिशेनं, म्हणजे ट्रस्टचे पैसे विश्वस्तानं चार दिवस वापरणं, याबद्दल प्रश्नच नको.

वहिनी शाळेचं काम पाहतात, त्यांना पगार देता येईल? चुलतभावाच्या मुलाला शिष्यवृत्ती?

न्यास काढणारा, विश्वस्त, व्यवस्थापक, मोठे देणगीदार, यातल्या बहुतेकांचे नातेवाईक आणि त्यांचा भरीव हिस्सा असलेल्या पेढ्या यांना कायदा हितसंबंधी मानतो. २०२५ च्या दुरुस्तीनंतर मोठा देणगीदार म्हणजे वर्षात १ लाखाच्या वर किंवा आजवर मिळून १० लाखांच्या वर देणारा. आधी ही मर्यादा एकूण ५०,००० रुपयांची होती, त्यामुळं अर्धं गावच हितसंबंधी ठरायचं. आता अशा देणगीदाराचे नातेवाईकही या यादीतून वगळले आहेत.

वहिनींना पगार देता येतो, पण काम खरं हवं आणि रक्कम बाहेरच्या माणसाला दिली असती तेवढीच. नेमणुकीचा ठराव, कामाचं स्वरूप, हजेरी आणि बँकेतून पगार. न्यासपत्रात मानधनाची तरतूद आहे का तेही पाहा. आमच्या ओळखीच्या एका न्यासात मुख्याध्यापिकेला १८,००० आणि "समन्वयक" सूनबाईंना ४०,००० होते. तपासणीत विचारलं, समन्वयक कशाचं समन्वयन करतात? उत्तरादाखल एक फाइल पुढं आली. तिच्यात लग्नाच्या बस्त्याची पावतीही निघाली.

चुलतभावाच्या मुलाबद्दल: तुमची यादी गुणांवर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर लागते, जाहिरात दिलेली आहे, निवड करणाऱ्यांत तुम्ही नव्हता, तरीही आम्ही सांगू, नको. त्याची फी घरातून भरा. हितसंबंधी माणसाला असा लाभ दिल्याचं सापडलं तर ३० टक्के कर वेगळा आणि आयकराच्या कलम २७१एएई खाली लाभाच्या रकमेइतका दंड वेगळा. पुन्हा सापडलं तर दुप्पट.

गलाईवाले पाहुणे गावी आले की रोख देतात, पावती नको म्हणतात. काय करायचं?

विटा-खानापूर-आटपाडीकडची ही जुनी रीत. देशभर पांगलेली माणसं जत्रेला येतात आणि खिशात हात घालतात. तरीही पावती करायचीच. नाव, पत्ता, पॅन किंवा आधार घ्यायचं. २,००० च्या वर रोख दिलं तर त्याला ८०जीची वजावट मिळत नाही, हे आधीच सांगा म्हणजे नंतर फोन येत नाही. आता फोनवरून पैसे पाठवणं इतकं सोपं झालंय की बहुतेक जण तिथल्या तिथं पाठवतात.

नाव-पत्ता नसलेली देणगी निनावी ठरते. अशा देणग्या वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यात जास्त असेल त्या रकमेच्या वर गेल्या, तर वरच्या भागावर ३० टक्के कर. देवळाच्या दानपेटीची गोष्ट निराळी. निव्वळ धार्मिक न्यासाला हे लागत नाही.

८०जी असेल तर सगळ्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेच्या आत द्यायची आणि प्रत्येकाला १०बीई प्रमाणपत्र पाठवायचं. उशीर झाला तर रोज २०० रुपये. पावतीपुस्तक वर्षअखेरीला शोधत बसणाऱ्यांसाठी हीच तारीख सगळ्यात कडू.

मुलगा अमेरिकेत आहे. त्यानं डॉलर पाठवले तर परवानगी लागते?

त्याच्या हातात पासपोर्ट कुठला, यावर उत्तर आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर तो परदेशात राहत असला तरी परदेशी स्रोत नाही. स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम साधी देणगी. पासपोर्टची प्रत आणि त्याचं पत्र फाइलला लावा.

तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी, ती परकीय देणगी. मग परकीय देणग्यांच्या २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. त्यानं गावी येऊन सांगलीच्या बँकेतून रुपये काढून दिले तरीही. नोंदणीसाठी साधारण तीन वर्षांचं काम आणि त्या काळात उद्दिष्टांवर किमान १५ लाखांचा खर्च लागतो. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. सातवीतल्या दहा मुलींच्या सायकलींसाठी एवढं करायचं का, ते घरात बसून ठरवा. मुलगा गावी आला की आईच्या नावानं घरखर्चाला देतो आणि आई ट्रस्टला देते, असली पळवाट आम्हाला विचारू नका.

गावची दोन एकर ट्रस्टच्या नावे करायची आहे.

थांबा. कूळकायद्याचं, म्हणजे १९४८ च्या कायद्याचं कलम ६३ शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ देत नाही, आणि न्यास शेतकरी नाही. आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मग बक्षीसपत्र, मग फेरफार, मग धर्मादाय कार्यालयात मालमत्तेचा बदल अर्ज. आणि हे लक्षात घ्या की एकदा गेलेली जमीन परत येत नाही. न्यासाची स्थावर विकायला, बदलायला, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून आणि इमारत अथवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. सगळ्या विश्वस्तांनी एकमतानं ठराव केला तरीही.

ट्रस्टचा हॉल लग्नाला देतो. जीएसटी लागतो?

१२एबी आहे म्हणून जीएसटी माफ, असं नाही. माफी ठरावीक धर्मादाय कामांनाच आहे. भाड्याची आणि इतर करपात्र सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जात असेल तर नोंदणी पाहावीच लागेल. हॉलच्या व्यवसायाची वेगळी वही ठेवा. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लावली म्हणून जीएसटी नाही. त्या पाटीवर दुकानाचा पत्ता, फोन आणि "आमची कुठेही शाखा नाही" आलं की ती जाहिरात.

मिरजेत आमच्या न्यासाचं रुग्णालय आहे. राखीव खाटांचं काय?

सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१एए आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली योजना लागते. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या वेगळ्या खात्यात. हा निधी महिन्याच्या महिन्याला वळवा. वर्षअखेरीला एकदम काढायचा म्हटलं की रुग्णालयाकडं तेव्हा नेमके औषध वितरकांचे तगादे असतात.

ऑडिट दोनदा करावं लागतं का?

ऑडिटर एकच असू शकतो, अहवाल दोन. धर्मादाय कार्यालयासाठी परिशिष्ट आठचा ताळेबंद आणि परिशिष्ट नऊचं उत्पन्न-खर्च पत्रक, वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत. आयकरासाठी, सूट धरण्यापूर्वीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर फॉर्म १०बीबी. ५ कोटींच्या वर उत्पन्न, परकीय देणगी किंवा परदेशात खर्च असेल तर १०बी. हा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, आणि ऑडिट लागू असलेल्यांचं आयटीआर ७ हे विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत. वह्या आणि कागद दहा वर्षं जपायचे.

पुरात व्हाउचरं भिजली. आता दहा वर्षं काय जपायचं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी उतरल्यावर आमच्या एका अशिलाच्या तळमजल्यावरचं लोखंडी कपाट उघडलं. खालचे दोन खण म्हणजे चिखलाचा लगदा. वरच्या खणातली व्हाउचरं ओली होती पण सुटी होत होती. चार दिवस गच्चीवर दोऱ्या बांधून, बेदाण्याच्या शेडवर माल पसरावा तशी ती वाळत घातली. शाईची सही उडाली होती, बॉलपेनची टिकली होती.

त्या वेळी केलेलं आणि उपयोगी पडलेलं असं: चिखल काढण्याआधी फोटो, तलाठ्याकडून पंचनाम्याची प्रत, पोलिसांत लेखी नोंद, आणि धर्मादाय कार्यालयाला व आयकर अधिकाऱ्याला काय नष्ट झालं याच्या यादीसह पत्र. मग बँकेकडून सगळ्या वर्षांचे उतारे, दुकानदारांकडून बिलांच्या दुय्यम प्रती, शाळेकडून शिष्यवृत्ती मिळाल्याची पत्रं. दोन वर्षांनी विचारणा झाली तेव्हा ही यादीच पुढं केली. आता त्यांची कागदपत्रं दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि दर महिन्याला स्कॅन होतात.

पूरग्रस्तांसाठी आमच्या मंडळानं वर्गणी काढली तर?

मंडळ नोंदलेलं नसेल तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१सी ची परवानगी आधी घ्यायची. गणपतीच्या वर्गणीला घेतात तीच. हिशोब नंतर द्यावा लागतो.

ट्रस्ट बंद करून उरलेला पैसा घरी आणता येईल?

नाही. सार्वजनिक न्यासाचा पैसा घरी येण्याची वाटच नाही. मिळत्याजुळत्या उद्दिष्टांच्या दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला मालमत्ता देऊन किंवा विलीन करून, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीनं बंद करता येतो. आयकरात ती दुसरी संस्थाही १२एबीची हवी आणि मालमत्ता ठरलेल्या मुदतीत तिच्याकडं जायला हवी. नाहीतर कलम ११५टीडी प्रमाणे साठलेल्या निव्वळ मालमत्तेच्या बाजारभावावर सर्वोच्च दरानं कर बसतो. १२एबीच्या नूतनीकरणाची तारीख चुकली तरी आता हेच कलम लागू शकतं. म्हणून नोंदणीपत्राची प्रत काढून त्यावरची शेवटची तारीख लाल पेनानं अधोरेखित करा आणि ती विश्वस्तांच्या सभेच्या वहीत पहिल्या पानाला चिकटवा.